डीएनए अहवालाची सात महिन्यांची वाट : कोल्हापुरातील एका कुटुंबाचा अभिप्राय

पाचपैकी तीन तारे देतो आहे. हे तिन्ही तारे सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या टेबलावर झालेल्या कामाचे आहेत. उरलेले दोन का गेले, ते पुढे येईलच. खुनाच्या तपासात डीएनए अहवालाची वाट पाहण्याची वेळ ज्या घरावर येते, त्या घराला काय विचारायचे हेसुद्धा ठाऊक नसते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

जानेवारी २०२५ मध्ये करवीर तालुक्यातील एका उसाच्या फडात तोड चालू असताना तोडकऱ्यांना मानवी हाडे सापडली. माझा आतेभाऊ आधीच्या ऑक्टोबरपासून बेपत्ता होता. कंबरपट्टा आणि कुजलेला शर्ट आत्यांनी पाहताक्षणी ओळखला, कवटीवरच्या खुणांवरून खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि फेब्रुवारीत एकाला अटकही झाली. परंतु कागदोपत्री मृत व्यक्ती अनोळखीच राहिली. आईने कपडे ओळखणे आणि कायद्याने माणूस ओळखणे यांत पुढचे सात महिने गेले. मृत्यूचा दाखला नाही, त्यामुळे बँक आणि विमा दोन्ही अडले, आणि क्रियाकर्म करावे की नाही यावर घरातच दोन तट पडले.

नमुने घेण्याचे काम मात्र चोख झाले, हे आधी सांगितले पाहिजे. मुलाला जनुकीय खुणांचा निम्मा वाटा आईकडून आणि निम्मा वडिलांकडून मिळतो. आतेभावाचे वडील हयात नसल्यामुळे आत्यांबरोबर त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचेही रक्त घेण्यात आले, कारण वडिलांचे वाय गुणसूत्र मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. ओळखीच्या फॉर्मवर छायाचित्र चिकटवले, सह्या आणि अंगठे घेतले, सर्वांसमक्ष लाखेचे सील लावले. पोराने सुई टोचताना तोंडातून अवाक्षर काढले नाही. बाहेर आल्यावर मात्र, आता बाबा कधी येणार, असे विचारले.

चाचणीला इतका वेळ का लागतो, हे एका निवृत्त तंत्रज्ञांनी समजावून दिले. ताज्या रक्तातून डीएनए काढून त्याच्या प्रती वाढवणे आणि वीस किंवा त्याहून अधिक ठिकाणच्या खुणा वाचणे, हे प्रत्यक्ष यंत्रावरचे काम काही दिवसांत होऊ शकते. हाडांचे तसे नसते. मांडीचे हाड किंवा दाढ निवडून तिचा वरचा थर खरवडावा लागतो, भुकटी करून त्यातील चुना रसायनाने काढावा लागतो, आणि पाणी पाजलेल्या उसाच्या ओल्या जमिनीत महिनोन्महिने राहिलेल्या हाडातला डीएनए तुटलेला असल्याने पहिला प्रयत्न फसला तर सारे पुन्हा करावे लागते. या विलंबाबद्दल माझी तक्रार नाही. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात १९८६ मध्ये खुनाच्या तपासात हे तंत्र वापरले गेले, तेव्हा त्याने सर्वप्रथम कबुलीजबाब दिलेल्या एका निरपराध मुलाला सोडवले आणि खरा गुन्हेगार त्यानंतर हाती लागला. असे काम घाईने व्हावे, असे कोणता शहाणा माणूस म्हणेल?

तक्रार आहे ती टेबलाच्या अलीकडची. आमचे सीलबंद नमुने पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ११ दिवस पडून होते. आमचे नमुने गेल्यानंतर, १५ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका दुहेरी खुनाच्या खटल्यात असे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत, असे बजावले. त्या खटल्यातला आरोपी नमुन्यांच्या हाताळणीतील त्रुटींमुळेही सुटला. हे वाचल्यावर त्या ११ दिवसांचा धसका मला नव्याने बसला.

दुसरी तक्रार मौनाची. प्रयोगशाळा पत्रव्यवहार करते तो पोलिसांशी, नातेवाइकांशी नाही, आणि तसेच असायला हवे. परंतु ठाण्यात मिळणारे उत्तर दर वेळी एकच असे : "सीए रिपोर्ट आला नाही, सोमवारी या." (सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर, रासायनिक विश्लेषक. डीएनए असो वा व्हिसेरा, म्हणजे शवाच्या आतील अवयवांचे नमुने, आपल्याकडे प्रत्येक अहवाल सीए रिपोर्टच असतो.) नमुना रांगेत आहे, तपासायला घेतला आहे, की पुन्हा चाचणी चालू आहे, एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते तर आत्यांचे निम्मे सोमवार वाचले असते. नव्वद दिवसांच्या आत दोषारोपपत्र गेले नसते तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळाला असता, म्हणून ते अहवालाविनाच दाखल झाले. अहवाल पुरवणी म्हणून नंतर जोडता येतो, हे आम्हाला वकिलांनी सांगेपर्यंत खटला बुडाला असे समजून घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती.

ज्यांना यातून जावे लागेल त्यांनी नमुने पाठवल्याच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख पहिल्याच आठवड्यात तपासी अंमलदारांकडून लिहून घ्यावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे बंधनकारक आहे. त्याचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आम्ही तसा अर्ज जूनमध्ये दिला, तेव्हा कुठे स्मरणपत्र रवाना झाले. खाजगी प्रयोगशाळेच्या जाहिरातींकडे मात्र वळू नये. सीलबंद मुद्देमाल तुमच्या हाती कोणी देणार नाही.

अहवाल ऑगस्टमध्ये आला. खुणांचा तक्ता आणि त्याखाली निष्कर्षाची दोन इंग्रजी वाक्ये, इतका नेमका आणि स्वच्छ कागद मी सरकारी कचेरीतून आलेला क्वचितच पाहिला आहे. तो मी आत्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी मृत्यूची तारीख विचारली. ती त्यात नव्हती आणि असणारही नव्हती. श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला केले. उरलेली हाडे अजून सीलबंद आहेत. ती मिळावीत म्हणून न्यायालयात अर्ज केला असून पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.