गजबजलेल्या ऑफिससाठी वायरलेस हेडसेट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी सीबीडी बेलापूरमधील एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या, कंपनीच्या आयात विभागात काम करते. एकाच हॉलमध्ये आम्ही जवळपास चाळीस जण बसतो आणि दिवसातले पाचेक तास तरी प्रत्येकाचे फोनवर बोलणे चालू असते. शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याचा आदेश) सोडवून घेणे, कंटेनर सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनरच्या गोदामाला, पोहोचला की नाही याची चौकशी करणे, न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर रांगेत अडकलेल्या ट्रेलरच्या चालकाला नेमके कोणत्या गेटवर जायचे ते सांगणे, ही सगळी कामे बोलूनच होतात. गेल्या जूनमध्ये मी कॉलसाठी म्हणून तोंडापाशी माइकची दांडी येणारा वायरलेस हेडसेट घेतला. त्याला आता आठ महिने झाले आहेत. मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही. जबरा, पॉली, लॉजिटेक, एपोस अशा अनेक कंपन्या ऑफिसच्या वापरासाठी या जातीचे हेडसेट बनवतात, त्यांची मॉडेल्स सतत बदलतात आणि मला जे सांगायचे आहे ते कंपनीपेक्षा हेडसेटच्या प्रकाराविषयी आहे.

आमच्या बोलण्याचा गाभा म्हणजे कंटेनर नंबर. त्यात चार अक्षरे आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणिताने काढलेला असल्यामुळे चुकीचा नंबर संगणकात भरला की बहुतेक वेळा तो तिथेच अडतो, पण तोपर्यंत फोन ठेवलेला असतो आणि पुन्हा लावावा लागतो. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही अक्षरे फोनवर एकसारखी वाटतात, ‘एम’ आणि ‘एन’ यांचा गोंधळ तर रोजचाच. म्हणून सगळेजण ‘एम फॉर मुंबई, एन फॉर नाशिक, पी फॉर पुणे’ असे म्हणत असतात. मराठीत आकडे सांगताना ‘साठ’मधला ‘स’ पुसट झाला की ‘आठ’ ऐकू येते. हेडसेट निवडताना हीच माझी कसोटी होती : मी एकदा सांगितलेला नंबर पलीकडच्या माणसाला पहिल्याच वेळी नीट कळला पाहिजे.

त्याआधी मी चार महिने कानात घालायचे साधे वायरलेस इअरबड्स वापरत होते. गाणी ऐकायला ते उत्तम होते आणि मला समोरच्याचे बोलणेही स्वच्छ ऐकू येत होते, त्यामुळे दोष माझ्या बाजूला असेल असे मला बरेच दिवस वाटलेच नाही. चेन्नईच्या एका शिपिंग एजंटने एके दिवशी मला विचारले, “मॅडम, तुमच्या शेजारी जे बिल ऑफ लेडिंगविषयी बोलत आहेत त्यांना थोडे हळू बोलायला सांगाल का?” माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे संभाषण त्यांना माझ्याइतकेच स्पष्ट ऐकू जात होते. ग्राहकाचे दर, त्याचे नाव, त्याच्या मालाची किंमत, हे सगळे परक्या माणसाच्या कानावर पडत होते, ही गोष्ट मला नंबर चुकण्यापेक्षाही गंभीर वाटली.

याचे कारण साधे आहे. इअरबडचा माइक कानापाशी, म्हणजे तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटरवर असतो, तर दांडीच्या हेडसेटचा माइक ओठांच्या कडेला तीन सेंटिमीटरवर येतो. अंतर एक चतुर्थांश झाले की आपला आवाज माइकपाशी सुमारे १२ डेसिबलने वाढतो. दीड मीटरवर बसलेल्या शेजाऱ्याचा आवाज मात्र दोन्ही ठिकाणी जवळपास तेवढाच राहतो. हा फरक कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय, केवळ अंतरामुळे मिळतो. पंख्याची घरघर किंवा एसीचा एकसुरी आवाज ओळखून वजा करणे यंत्राला सोपे जाते, पण शेजारी बोलणारा माणूसही माणसाच्याच आवाजात बोलत असल्यामुळे त्याला वेगळे काढणे अवघड असते. चांगल्या हेडसेटमध्ये दांडीवर एकापेक्षा अधिक माइक असतात आणि तोंडाच्या दिशेने येणारा आवाज तेवढा उचलण्यासाठी त्यांचा उपयोग केला जातो. ज्या ऑफिसात मुख्य गोंगाट माणसांच्या बोलण्याचा आहे, तिथे दांडी नसलेला हेडसेट कॉलसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

खोक्यावर ठळक छापलेल्या ‘नॉइज कॅन्सलिंग’ या शब्दांमुळे येथे बहुतेकांची फसगत होते. ‘एएनसी’ (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) म्हणून जी सोय विकली जाते ती आपल्या कानांसाठी असते. बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडली जाते आणि आपल्याला शांत वाटते. समोरच्या माणसाला त्याचा काहीही लाभ होत नाही. त्याला लाभ होतो तो माइकच्या बाजूच्या गोंगाट-नियंत्रणाचा आणि दुकानदाराला नेमका हाच प्रश्न वेगळा विचारावा लागतो. तसेच ट्रेलरचालकाच्या मागे वाजणारे हॉर्न एएनसीमुळे कमी होत नाहीत, कारण ते फोनमधूनच येत असतात. माझ्या हेडसेटमध्ये एएनसी आहे आणि ती दुपारी लक्ष देऊन कागद तपासताना उपयोगी पडते, पण कॉलच्या दर्जासाठी मी तिच्यावर वेगळे पैसे खर्च केले नसते.

दुसरी महत्त्वाची बाब जोडणीची. हेडसेट लॅपटॉपच्या आतल्या ब्लूटूथला थेट जोडला तेव्हा आवाजाच्या यादीत तो दोनदा दिसू लागला, एकदा ‘हेडफोन्स’ म्हणून आणि एकदा ‘हेडसेट’ म्हणून. ब्लूटूथमध्ये गाणी ऐकण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वाट वेगळी असते. माइक सुरू होताच जोडणी बोलण्याच्या वाटेवर येते. त्या वाटेवर जुनी पद्धत लागू झाली तर आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांपुरता मर्यादित होतो आणि जुन्या टेलिफोनप्रमाणे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातच मावतो. ‘स’ या उच्चाराचे बळ मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते, त्यामुळे तो नेमका गाळला जातो आणि ‘एस’ व ‘एफ’ एकच वाटू लागतात. नव्या पद्धतीत १६,००० नमुने घेतले जातात आणि ‘स’ बराचसा टिकतो. हेडसेटसोबत जो छोटा यूएसबी डोंगल, म्हणजे लॅपटॉपमध्ये खोचायचा ब्लूटूथचा तुकडा, आला होता तो लावल्यावर यादीतली दुहेरी नोंद गेली, आवाज स्वच्छ झाला आणि हेडसेटवरच्या बटणाने लॅपटॉपवरचा कॉल उचलता-ठेवता येऊ लागला. थोडे पैसे वाचवण्यासाठी डोंगलशिवाय हेडसेट घेणाऱ्यांना मी आवर्जून थांबवते.

डोंगल लावूनही पहिले तीन आठवडे आवाज मधूनमधून तुटत असे. दुकानदाराने हेडसेट बदलून देण्यास नकार दिला आणि सदोष वस्तू गळ्यात पडली असे मला वाटले. शेवटी आमच्या आयटी विभागातल्या एका सहकाऱ्याने डोंगल कुठे लावला आहे ते पाहिले. तो लॅपटॉपला जादा पोर्ट देणाऱ्या डॉकच्या मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये, बाह्य हार्ड डिस्कच्या केबलला चिकटून आणि लोखंडी टेबलाच्या पत्र्यामागे होता. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि ब्लूटूथ नेमके त्याच पट्ट्यात चालते. त्यांनी अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या पायाशी आणून ठेवला. त्या दिवसापासून माझ्या जागेवर बसून केलेला एकही कॉल तुटलेला नाही. पुढे ऑफिसचे वाय-फायही त्याच पट्ट्यातून काढून ५ गिगाहर्ट्झवर नेले गेले, त्यामुळे आणखी मोकळीक मिळाली. पत्रकात ३० मीटरचा पल्ला लिहिला आहे, पण तो मोकळ्या जागेतला असतो. आमच्याकडे पँट्रीपर्यंत आवाज नीट येतो आणि लिफ्टच्या भिंतीपलीकडे जाताच संपतो.

आता अंगावर वागवण्याविषयी. हेडसेट हलका आहे आणि पहिल्या दिवशी अगदी सुखद वाटला होता. मात्र नवी मुंबईच्या पावसाळी दमट हवेत रेक्झिनच्या गाद्यांखाली कान घामेजतात. पाचव्या महिन्यात डाव्या गादीचे रेक्झिन कडेने सुटू लागले आणि त्याचे काळे कण ओढणीवर पडू लागले. बदली गाद्या मिळतात का, हे मी खरेदीपूर्वी विचारले नव्हते. सुदैवाने मिळाल्या, त्याही कापडी, आणि त्यांत कान बरेच कोरडे राहतात. मला चष्मा आहे. कानावर दाबून बसणाऱ्या गाद्या चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतवतात आणि तिसऱ्या तासाला तिथे दुखू लागते. मी बारीक काड्यांचा चष्मा केल्यावर हा त्रास कमी झाला, पूर्ण गेला नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी दुकानात निदान अर्धा तास हेडसेट घालून बसावे.

बॅटरीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दर तिसऱ्या दिवशी चार्जिंगला लावते आणि आठ महिन्यांत तीत जाणवेल अशी घट झालेली नाही.

सर्वांत अनपेक्षित समाधान मला कानाच्या वाटीवरच्या लाल दिव्याने दिले. कॉल सुरू झाला की तो आपोआप लागतो. पूर्वी बोलणे चालू असताना कोणीही मागून खांद्याला हात लावून प्रश्न विचारत असे. आता लोक दिवा पाहून थांबतात. चहा देणारे काका तर दिवा दिसला की काही न बोलता कप उजव्या हाताला, कागदांपासून दूर ठेवतात आणि वर बशी झाकून जातात.

आणखी एक सोय म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात थोडा ऐकू येणे. तिला ‘साइडटोन’ म्हणतात आणि ती कंपनीच्या ॲपमध्ये शोधून सुरू करावी लागते. दोन्ही कान झाकले की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. पहिल्या आठवड्यात माझ्या आवाजाची तक्रार समोरच्या रांगेतून आली होती. साइडटोन मध्यम ठेवल्यावर माझा आवाज खाली आला. एकाच हॉलमध्ये चाळीस हेडसेट असतील तर ही सोय प्रत्येकाने सुरू करावी, कारण हॉलमधला निम्मा गोंगाट आपणच मोठ्याने बोलून निर्माण करतो.

दांडी वर केली की माइक बंद होतो, हेही मला आवडते. मात्र एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर हेडसेट माइक बंद दाखवत होता आणि मीटिंगमध्ये तो चालू होता. ग्राहक ऐकत असताना मी सहकाऱ्याशी त्याच्याच थकीत बिलाबद्दल बोलले. हेडसेटचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर दोष गेला. तरीही तेव्हापासून मी दांडी वर केल्यावर पडद्यावरची माइकची खूणही पाहते.

ज्यांना दिवसभर एकाच टेबलावर बसायचे आहे आणि मोबाइलवर कॉल घ्यायचे नाहीत, त्यांनी डेक्ट, म्हणजे कॉर्डलेस फोनच्या, पद्धतीचे हेडसेट जरूर पाहावेत. ते ब्लूटूथच्या गर्दीपासून वेगळ्या पट्ट्यात चालतात, युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये, आणि त्यांचा पल्लाही मोठा असतो. पण तो हेडसेट आपल्या स्टँडशी बांधलेला असतो. मला लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही एकाच वेळी जोडलेले हवे असतात, कारण चालकांचे फोन मोबाइलवरच येतात. या दुहेरी जोडणीत मोबाइलवरचा व्हॉट्सॲपचा प्रत्येक टणत्कार लॅपटॉपवरच्या कॉलमध्ये घुसत असे, म्हणून कामाच्या वेळेत मी त्या सूचना बंद ठेवते.

मी यासाठी साडेतेरा हजार रुपये मोजले. घेण्यापूर्वी दुकानातून एक दिवसासाठी नमुना मागून आणला होता आणि संध्याकाळी साडेचारला, म्हणजे कटऑफच्या (कामे स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेच्या) आधी हॉल सर्वांत जास्त गजबजलेला असताना, घरी असलेल्या एका सहकारी मैत्रिणीला फोन लावून दहा कंटेनर नंबर एकदाच वाचून दाखवले होते. तिने लिहून घेतलेला कागद दुसऱ्या दिवशी माझ्या यादीशी ताडून पाहिला. इअरबड्सवर तिने चार नंबर चुकीचे लिहिले होते, हेडसेटवर एकही नाही. गेल्या आठवड्यात डिलिव्हरी ऑर्डरच्या टेबलासाठी तीन हेडसेट मागवायचे ठरले, तेव्हा तीच दहा नंबरांची यादी मी पुन्हा ड्रॉवरमधून काढून दिली.