मायप्लेट की हार्वर्डची प्लेट? फ्रिजवर कुठलं चित्र लावायचं

शुगर बॉर्डरवर आली तेव्हा इथे अमेरिकेत क्लिनिकमधून मला मायप्लेटचा, म्हणजे ताटात काय किती असावं ते दाखवणाऱ्या चित्राचा, कागद दिला. चार रंगीत भाग, बाजूला डेअरीचा गोल, बघताक्षणी कळतं. काही दिवस तसंच जेवले आणि मग एकदा ताटात नीट बघितलं तर भाजी म्हणून फ्राइज, फळ म्हणून ऑरेंज ज्यूस, धान्य म्हणून पांढरा बन, शेजारी दूध, आणि चित्राप्रमाणे सगळं बरोबर! माझा मुख्य आक्षेप हाच आहे, हे चित्र कुठेच अडवत नाही.

मायप्लेट अमेरिकन कृषी खात्याने जून 2011 ला आणली. त्यांच्याच 1992 च्या पिरॅमिडपेक्षा (काय किती खावं ते दाखवणारं जुनं त्रिकोणी चित्र) नक्कीच बरी, त्यात तर ब्रेड-भात-पास्ता रोज 6 ते 11 सर्व्हिंग (ठरलेल्या मापाचे वाढप) सांगितलेले आणि चांगलं-वाईट सगळं फॅट मिठाईसोबत टोकावर. पण शेतमालाला बाजार मिळवून देणं हेही ज्या खात्याचं काम, त्यानेच लोकांनी काय खावं ते ठरवायचं हे मला अजिबात पटत नाही.

हार्वर्डच्या पब्लिक हेल्थ स्कूलने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वतःची प्लेट काढली. अर्धी प्लेट भाज्या-फळं, पाव धान्य, पाव प्रोटीन, ढोबळ मांडणी तशीच, पण इथे बटाटा भाजीत धरत नाहीत कारण तो रक्तातली साखर भराभर वाढवतो, धान्य म्हणजे होल ग्रेनच, म्हणजे कोंडा न काढलेलं अख्खं धान्य (मायप्लेटला निम्मं चालतं आणि तेही चित्रावरून कळत नाही), प्रोटीनला मासे, चिकन, बीन्स, नट्स, बेकन वगैरे टाळायचं. दुधाच्या ग्लासच्या जागी पाणी. डेअरी दिवसाला 1-2 सर्व्हिंग, ज्यूस फार तर एक छोटा ग्लास. आणि तेलाची बाटली चित्रातच आहे, मायप्लेटवर तेल दिसतच नाही.

शुगर किंवा कोलेस्टेरॉल असेल तर सरळ हार्वर्डची घ्या. लहान मुलांना ताटाचे भाग शिकवायचे असतील तर मायप्लेट सोपी पडते, फक्त फ्राइज भाजीत मोजू नका. दूध कमी करणार असाल तर कॅल्शियमचं आधी बघा, बोक चॉय (एक चिनी पालेभाजी), बीन्स, कॅल्शियम घातलेलं सोया मिल्क असं काहीतरी रोज पोटात जायला हवं. किडनीचा त्रास असेल तर मात्र दोन्ही चित्रं बाजूला ठेवा आणि डायटिशियनला विचारा, कारण होल ग्रेन, नट्स, बीन्स यातलं पोटॅशियम-फॉस्फरस तुम्हाला जड जाऊ शकतं.

मी सगळं एकदम नाही बदललं, आधी ज्यूस बंद केला, नाश्त्याला आता अख्खं संत्रं सोलून खाते.