जुनी नेल, पाच मास्क, चार्म शून्य: हॉलो नाइट कमीत कमी सामानात खेळताना

टीम चेरी या ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या छोट्या टीमने 2017 च्या फेब्रुवारीत हॉलो नाइट हा किड्यांच्या भुयारी राज्यात फिरून लढायचा व्हिडिओ गेम काढला. तो मी आधी एकदा रीतसर, जे मिळेल ते गोळा करत संपवला होता. त्यानंतर गेले काही महिने मी तोच गेम सामान टाकून खेळते आहे. असे रन, म्हणजे स्वतःच्या नियमांवर पूर्ण गेम खेळणं, किती कठीण असतात यावर भरपूर बोललं जातं. त्यांत मजा कुठे येते आणि नुसता वेळ कुठे जातो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझे नियम साधे होते. नेलला, म्हणजे हातातल्या तलवारीला, धार लावणाऱ्या नेलस्मिथकडे जायचं नाही, म्हणजे ती शेवटपर्यंत सुरुवातीचीच. चार्म, म्हणजे जादा ताकद देणारा ताईत, एकही घालायचा नाही. मास्कचे (मास्क म्हणजे जीव मोजायचं एकक) आणि सोल व्हेसलचे (सोल म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, व्हेसल म्हणजे तिचं जादा भांडं) तुकडे दिसले तरी उचलायचे नाहीत. डॅश (झटक्यात पुढे झेपावणं), भिंतीवर चढणं, डबल जंप यांच्याशिवाय गेममधल्या बऱ्याच जागी पोचताच येत नाही, त्यामुळे ते चालेल. मंत्रांचं काय करायचं, ते सुरुवातीला मोकळं ठेवलं होतं.

पहिल्या काही तासांत काहीच वेगळं वाटत नाही, हे आधी सांगते. फॉल्स नाइट किंवा ग्रीनपाथमधली हॉर्नेट या सुरुवातीच्या बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूंशी, सगळेच जण जवळपास याच अवस्थेत लढतात. हॉर्नेटची ताकद, म्हणजे हरेपर्यंत ती सोसते तेवढा मार, 225 आणि जुन्या नेलचा वार 5 चा, म्हणजे 45 वार, मग खेळणारा नवखा असो वा मुरलेला. फरक जाणवतो तो सिटी ऑफ टिअर्स या भागापासून. इतर लोक तिथे धार लावून घेतात आणि नेल 5 वरून 9, मग 13, 17 आणि शेवटी 21 वर जाते. बॉस मात्र तुम्ही काय घेतलं नाही याचा विचार न करता वाढत जातात.

आता हिशेब मांडते, कारण या रनची सगळी गंमत त्यातच आहे. नेलच्या प्रत्येक वाराला 11 सोल मिळतो. मंत्राला 33 लागतो, आणि एक मास्क भरून काढायलाही 33 च. म्हणजे तीन वारांमागे एक निर्णय: मंत्र की मलमपट्टी. नेल पूर्ण धारेची असेल तर ते तीन वार 63 चे होतात, तिथे मंत्र तोंडी लावण्यापुरता. जुन्या नेलचे तीन वार 15 चे. त्यातून मिळालेल्या सोलवर हाउलिंग रेथ्स ही वरच्या दिशेची किंकाळी मारली आणि ती पूर्ण लागली, तर 39. अ‍ॅबिसमध्ये ती वाढवून घेतली की 80. मंत्रांना नेलच्या धारेशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे तलवार बोथट ठेवल्यावर हा गेम चुपचाप मंत्रांचा गेम होऊन बसतो. बॉसच्या खाली शिरायचं, किंकाळी मारायची, बाहेर यायचं, तीन वार गोळा करायचे, परत शिरायचं.

मला हे आवडलंही आणि खटकलंही. आवडलं, कारण रीतसर खेळताना मी मंत्र जवळपास वापरतच नव्हते आणि इथे नाइलाजाने शिकले. खटकलं, कारण ‘जुनी नेल’ हे आव्हान ऐकायला जेवढं कडक वाटतं तेवढं ते नाही. एक दार बंद केलं की गेम दुसऱ्या दाराने तीच ताकद आत आणतो. गॉडहोमच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे ओळीने बॉस लढायच्या मालिकांत, टीम चेरीने स्वतः चार बंधनं दिली आहेत: नेल, मास्क, चार्म आणि सोल. ती एकेकटी लावली तर प्रत्येकाला पळवाट सापडते आणि चारही एकदम लावली की श्वास घ्यायला जागा उरत नाही. बनवणाऱ्यांना हा हिशेब पक्का ठाऊक होता.

चार्म न घालण्याबद्दल मात्र माझं मत अगदी स्वच्छ आहे. सगळ्या बंधनांत हेच उत्तम. क्विक फोकस नाही, म्हणून बरं व्हायला पूर्ण वेळ एका जागी उभं राहावं लागतं. लाँगनेल किंवा मार्क ऑफ प्राइड नाही, म्हणून वार लागायचा तर बॉसच्या अंगाला भिडावं लागतं. आणि सगळ्यात अनपेक्षित म्हणजे वेवर्ड कंपास नाही, म्हणून नकाशावर आपण कुठे आहोत ते दिसत नाही. नकाशा असतो, त्यावर तुम्ही नसता. डीपनेस्टच्या अंधारात मी पहिल्यांदाच खोल्यांचे आकार लक्षात ठेवायला लागले. हा त्रास नव्हता, उलट ती जागा पहिल्यांदा नीट पाहिल्यासारखी वाटली.

पण इथे एक पेच आहे आणि हा रन करणाऱ्या प्रत्येकाला तो आज ना उद्या लागतोच. खऱ्या शेवटापर्यंत, म्हणजे रेडियन्स या शेवटच्या बॉसपर्यंत जायचं असेल तर व्हॉइड हार्ट (हाही चार्मच) लागतं. ते मिळवायला किंगसोल हा चार्म लागतो, आणि त्याचे दोन तुकडे: एक व्हाइट लेडीकडे, दुसरा व्हाइट पॅलेसच्या शेवटी. पॅलेसमध्ये शिरायला स्वप्नांत शिरणारी ड्रीम नेल जागी झालेली हवी, त्यासाठी 1800 एसेन्स, म्हणजे स्वप्नांतून जमवायचा अर्क. हे सगळं जमवून अ‍ॅबिसच्या तळाशी गेलात तरी किंगसोल अंगावर घातल्याशिवाय तिथलं दार उघडत नाही. त्याला पाच नॉच, म्हणजे चार्म बसवायच्या खाचा, लागतात आणि तुमच्याकडे सुरुवातीचे तीनच असतील तर ओव्हरचार्म, म्हणजे खाचांपेक्षा जास्त भार, करूनच तो बसतो, म्हणजे प्रत्येक मार दुप्पट. शिवाय नंतरचं व्हॉइड हार्ट काढताच येत नाही. थोडक्यात, ‘शून्य चार्म’ आणि ‘रेडियन्स’ ही दोन वाक्यं एकत्र नांदत नाहीत. मी व्हॉइड हार्टला अपवाद केला. त्याला नॉच लागत नाही आणि लढाईत ते काही बळही देत नाही. काही कडवे लोक त्याआधीच्या, हॉलो नाइट याच नावाच्या बॉसपाशीच थांबतात आणि त्यालाच शेवट मानतात. तेही पटण्यासारखं आहे.

आता लढायांबद्दल. मँटिस लॉर्ड्स ही या पद्धतीने खेळायची सर्वोत्तम लढाई. पहिली एकटी येते, ताकद 210. मग दोघी एकदम, प्रत्येकी 160. जुन्या नेलने मंत्राशिवाय हे एकूण 106 वार होतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यांच्याकडे मोजकेच तीन डाव आहेत: जमिनीलगत झेप, वरून सरळ खाली येणं, आणि भिंतीला चिकटून भाला फिरवत फेकणं. प्रत्येकाची आधी स्पष्ट चाहूल लागते. मार बसला तर एकच मास्क जातो. लढाई लांबली की नेहमी कंटाळा येतो, इथे आला नाही. पन्नासाव्या वारापर्यंत हात आपोआप चालायला लागतो आणि डोळा पुढचा डाव ओळखत राहतो.

याच्या अगदी उलट शेवटचा टप्पा. रेडियन्सची ताकद 1700. धारेच्या नेलने ते 81 वार, जुन्या नेलने 340. तिचा मार दोन मास्कचा, म्हणजे पाच मास्कवर तिसरा फटका शेवटचा. आणि तिथे मेलात की पुन्हा हॉलो नाइटपासून सुरुवात. इथे मंत्र वापरायचे नाहीत असं मी एका टप्प्यावर ठरवलं आणि नंतर तो हट्ट सोडून दिला. तिचे डाव मला पाठ झाले होते. उरलं होतं ते फक्त न थकणं. कौशल्य संपून सहनशक्ती सुरू होते ती रेषा प्रत्येकाची वेगळी असेल. माझी तिथे होती.

या सगळ्यात एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. हॉलो नाइटमध्ये बॉसची ताकद दाखवणारी पट्टीच नाही. किती उरला आहे याचा अंदाज घ्यायचं एक साधन म्हणजे तो मधूनच गुडघे टेकतो, स्टॅगर होतो. हे स्टॅगर नुकसानीवर नाही, वारांच्या संख्येवर चालतं. याचा अर्थ असा की जुन्या नेलवाल्याला एका लढाईत धारेच्या नेलवाल्यापेक्षा जास्त वेळा स्टॅगर मिळतो, आणि प्रत्येक स्टॅगर म्हणजे एक मास्क भरायची निवांत संधी. हे लक्षात आल्यावर माझं खेळणं बदललं. घाईत दोन जास्तीचे वार घ्यायचे की नाही, हा प्रश्नच उरला नाही. पुढचा स्टॅगर जवळ आला की अंतर राखायचं, तो झाला की बरं व्हायचं. दुबळ्या हत्याराला गेमने नकळत दिलेली ही सवलत आहे. दुसरी सवलत वॉचर नाइट्सपाशी: वरच्या मजल्यावर जाऊन झुंबर पाडलं तर सहापैकी एक जण लढाईआधीच चिरडला जातो. असल्या रनमध्ये ते झुंबर न वापरण्यात मला काही मर्दुमकी वाटत नाही.

मरण्याचंही गणित बदलतं. नेल नाही, चार्म नाही, म्हणजे जिओ, गेममधले पैसे, खर्च करायला नकाशे, चाव्या आणि 1800 चा ल्युमाफ्लाय लँटर्न एवढंच उरतं. पैसे गेले तरी फरक पडत नाही. पण मेल्यावर सोलचं भांडं तडकतं आणि मेलेल्या ठिकाणी राहिलेली आपली सावली परत मिळवेपर्यंत 99 ऐवजी 66 च सोल मावतो, म्हणजे तीन मंत्रांऐवजी दोन. रीतसर खेळताना हे कधी जाणवलंच नव्हतं. इथे बॉसच्या खोलीत शिरल्यावर पहिलं काम तेच.

उणीव काय, तर भटकण्यातला जीव जातो. हॉलो नाइटचा अर्धा आनंद म्हणजे भिंत फोडून आत काहीतरी सापडणं, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा चार्म, मास्कचा तुकडा किंवा नेलला धार लावायला लागणारं पेल ओर असतं. ते सगळं निषिद्ध केल्यावर गुपितं म्हणजे रिकाम्या खोल्या. म्हणून पहिल्यांदाच खेळणाऱ्याने हे अजिबात करू नये. एखादा यूट्यूबवाला हसतहसत करतो म्हणून तर मुळीच नाही. आधी सगळं गोळा करा, मग टाकायला काहीतरी असेल.

इतर गेम या बाबतीत कसे वागतात ते पाहण्यासारखं आहे. सेलेस्टच्या पहिल्याच प्रकरणात एक पंखवाली सोनेरी स्ट्रॉबेरी आहे. ती अख्ख्या प्रकरणात एकदाही डॅश न करणाऱ्यालाच मिळते. ज्या गेमची ओळखच डॅश, त्याने डॅश न करण्याला बक्षीस ठेवलं आहे. कपहेडच्या धावत्या लेव्हल कुणालाही न मारता पार केल्या तर वेगळा दर्जा मिळतो. पँथिऑनच्या बाहेर हॉलो नाइट असं काही देत नाही. चार्म न घालता गेम संपवला तरी तुम्हाला त्याची दाद मिळत नाही. मला ते बरंच वाटलं. नियम माझे, त्यामुळे व्हॉइड हार्टसारख्या ठिकाणी वाद घालायचा तोही माझ्याशीच.

2025 च्या सप्टेंबरमध्ये सिल्कसाँग हा पुढचा गेम आल्यावर त्यातही हे करून पाहिलं, पण थोडंच. तिथे आपण हॉर्नेट म्हणून खेळतो; ती एका दमात तीन मास्क भरते आणि क्रेस्ट, म्हणजे लढायची पद्धत ठरवणारं चिन्ह, बदलला की खालच्या वाराची दिशाच बदलते. त्यामुळे ‘कमीत कमी’ म्हणजे काय हे ठरवणंच कठीण. सुरुवातीचाच क्रेस्ट आणि त्याचा तिरका खालचा वार धरून चालायचं म्हटलं तर हॉलो नाइटमध्ये मुरलेला अंगठा पहिले काही दिवस सरळ दगा देतो.

करून पाहणार असाल तर चार व्यावहारिक गोष्टी. खालच्या वारावर उसळणं, म्हणजे पोगो, अ‍ॅनालॉग स्टिकपेक्षा डी-पॅडवर जास्त भरवशाचं पडतं. स्टिक किंचित तिरकी गेली की वार आडवा जातो आणि तुम्ही काट्यांवर. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा, नाहीतर मँटिस लॉर्ड्सच्या झेपा उशिरा दिसतील. गेम चार सेव्ह देतो, त्यातला एक पूर्ण खेळलेला ठेवा आणि त्यातल्या हॉल ऑफ गॉड्समध्ये अडलेल्या बॉसचा सराव करा. पूर्वी भेटलेले बॉस तिथे हवे तेव्हा परत मिळतात, त्यामुळे मूळ रनमध्ये बेंचपासून, म्हणजे विसाव्याच्या जागेपासून, बॉसपर्यंतची पायपीट वाचते. आणि स्टील सोल, म्हणजे एका मरणात सेव्ह खलास करणारा मोड, याच्याबरोबर लावू नका. त्यात भीतीपोटी माणूस दूर उभं राहून खेळतो आणि जुनी नेल लांबून लागत नाही.

माझा सध्याचा रन असा आहे: नेल हवी तेवढी धारदार, मंत्र चालतील, चार्म शून्य आणि फोकस बंद, म्हणजे गेलेला मास्क बेंचपर्यंत परत नाही. लढाया छोट्या झाल्या आहेत, सगळा सोल मंत्रांना मिळतो आणि स्टॅगर म्हणजे आता फुकटचे वार. सोल मास्टरच्या खोट्या मरणानंतरचा दुसरा टप्पा दोन मास्कवर खेळणं हे 340 वारांच्या रेडियन्सपेक्षा मला कितीतरी जास्त आवडतं आहे. ट्रेटर लॉर्ड हा बॉस अजून बाकी आहे.