वॉटसन भरावी की प्रोजेक्ट्स फॉर पीस?

मुळशीच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजातून अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांत गेलेली आपली मुलं शेवटच्या वर्षी हा प्रश्न हमखास विचारतात. वॉटसन म्हणजे पदवीनंतर वर्षभर परदेशात फिरायला पैसे देणारी फेलोशिप, आणि प्रोजेक्ट्स फॉर पीस (पुढे नुसतं पीस) म्हणजे सुट्टीत समाजाच्या उपयोगाचं काम करायला मिळणारं अनुदान. फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीचा अमेरिकेतून बाहेर पाठवणारा कार्यक्रम तिथल्या नागरिकांपुरता आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांनी तो विषय सोडून द्यावा. उरतात या दोन. तुमचं कॉलेज दोन्हींच्या सहभागी कॉलेजांच्या यादीत आहे असं धरून चालतो.

रक्कम पाहून ठरवू नका. वॉटसनचे ४०,००० डॉलर वर्षभर एकट्याने फिरण्यासाठी आहेत, पीसचे १०,००० एका सुट्टीतल्या कामासाठी. धुळ्याकडच्या एखाद्या गावात दहा हजार डॉलरमध्ये बरंच काही उभं राहतं. युरोपात चाळीस हजार बघता बघता संपतात. स्वभावाचा फरक मोठा. अमेरिकेतल्या दानशूर कॅथरिन डेव्हिस यांनी आपल्या शंभराव्या वाढदिवसाला, २००७ मध्ये, पीस सुरू केलं. तिथे गावाला काय मिळणार हे आधी सांगावं लागतं. १९६८ पासूनची वॉटसन विचारते, तुला कशाचा नाद आहे?

मला नाद होता पाणीवाटपाचा. आजोळ साक्रीकडचं, त्यामुळे पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी पाळीपाळीने वाटून घ्यायची जुनी रीत, लहानपणापासून ऐकलेली: पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, कुणाची पाळी कधी, पाणी चोरलं तर काय. साहजिकच आधी पीसचाच आराखडा केला. गावात राहायचं, जुन्या पाळ्यांची नोंद करायची, पाटाची डागडुजी करायची.

घोडं अडलं ते महिन्यांवर. अमेरिकेतली उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि आपल्याकडे तेव्हा पेरणी, निंदणी, पाऊस. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "ये की, पण तुझ्याशी बोलायला बसणार कोण? आणि वरून पाणी पडत असताना पाळी कसली बघतोस?" खरंच होतं. वाटपाची रस्सीखेच पाहायची तर पाऊस ओसरल्यावर यायला हवं, आणि तोवर सुट्टी संपलेली. हा कार्यक्रमाचा दोष नाही. शाळेतली मुलं, आरोग्य, शिवणवर्ग असले विषय असतील तर तुम्हाला ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. शेतीपाण्याचं काम मात्र कॉलेजच्या सुट्ट्या पाहून चालत नाही.

वॉटसनमध्ये वर्ष हाताशी असतं. अट अशी की वर्षभर ना अमेरिकेत परतायचं, ना मायदेशी. म्हणजे साक्री बाद. मी स्पेन, नेपाळ आणि बाली धरलं. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय भरतं. काळे डगले घातलेले आठ शेतकरी प्रतिनिधी गोल बसतात, एकेका कालव्याचं नाव पुकारलं जातं, तक्रार असेल तर तोंडीच ऐकून तिथल्या तिथे निकाल. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते आणि पर्यटक हिरमुसतात. मी मात्र पुन्हा पुन्हा जात राहिलो, कारण खरी भांडणं आधीच बांधावर मिटलेली असतात आणि ती ऐकायला मला वेळ होता.

त्रास वॉटसनमध्येही आहे. कुठल्याही विद्यापीठात नाव घालायचं नाही, पगारी काम करायचं नाही, मग व्हिसाच्या खिडकीवर "कोणाकडे जाताय?" याला उत्तर काय द्यायचं? शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज साधारणपणे जिथे अधिकृत वास्तव्य असेल तिथूनच होतो, म्हणून युरोप पहिल्या टप्प्यात ठेवा आणि अमेरिकेत असतानाच अर्ज करा. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही, बालीला उतरल्यावर मिळतो. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ अमेरिकेत नोकरी करायच्या परवानगीचा, अर्ज पदवीनंतर ६० दिवसांच्या आत करावा लागतो आणि कामही अमेरिकेतच करायचं असतं, तेव्हा वॉटसन घेतली की त्या वर्षीच्या नोकरीवर पाणी सोडायचं. घरी कर्जाचे हप्ते सुरू होणार असतील तर ही गोष्ट आईवडिलांशी आधी बोलून घ्या. अशा वेळी पीस हाच शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो.

कॉलेजातली वॉटसनची निवड शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते, पीसचे अर्ज त्यानंतर निघतात. म्हणून आधी वॉटसन भरा. नाही मिळाली तर पीस आहेच, फक्त विषय पावसाळ्यात चालणारा निवडा.