प्रयोगशाळेत ऑक्सिजन: परमँगनेट तापवावे की पेरॉक्साइड वापरावे?

पोटॅशियम परमँगनेट साधारण 240 अंश सेल्सिअसला विघटित होते. 10 ग्रॅममधून जेमतेम पाऊण लीटर ऑक्सिजन मिळतो. परीक्षानळी तोंडाकडे किंचित उतरती धरायची आणि तोंडाशी काचलोकरीचा बोळा बसवायचा. कापूस नकोच, तो पेट घेऊ शकतो. बोळा विसरलात तर जांभळी पूड वाहकनळीतून पाण्यात उतरते. खरा घोटाळा शेवटी होतो: बर्नर आधी बंद केला की नळीतला वायू आकसतो, पाणी उलट चढते आणि तापलेली काच तडकते. म्हणून आधी वाहकनळी पाण्याबाहेर, मग ज्योत बंद.

हायड्रोजन पेरॉक्साइडला ज्योतच लागत नाही. शंकूपात्रात चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घ्या आणि औषधाच्या दुकानातले 6 टक्क्यांचे द्रावण थेंबथेंब सोडा. 50 मिलीलीटरमधून सुमारे एक लीटर वायू येतो, काळी पूड उत्प्रेरक म्हणून तशीच उरते. सगळे द्रावण एकदम ओतले तर फेस उसळून नळीत शिरतो. बुडबुडे मंद असतील तर बहुधा बाटली जुनी आहे. 30 टक्क्यांच्या द्रावणाच्या वाटेला मात्र जाऊ नये, त्वचा भाजते.

कोणतीही रीत असो, पहिली बरणी फेकायची, तिच्यात बहुतेक हवाच असते. दुसऱ्या बरणीत धुमसती उदबत्ती घातली की ती भपकन पेटते.

वर्गासाठी आमची पसंती पेरॉक्साइडला. उष्णतेने होणारे विघटन दाखवायचे असेल तरच परमँगनेट काढावे.