‘इट हॅपन्ड वन नाइट’ ब्लू-रेवर : पै-पैशाच्या हिशेबातून फुलणारे प्रेम

फ्रँक कॅप्रा यांचा 1934 सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने 4के (अतिशय स्पष्ट चित्राच्या) दर्जाचे पुनरुज्जीवन करून ब्लू-रे तबकडीवर आणला आहे. ‘चोरी चोरी’ (1956) किंवा ‘दिल है कि मानता नहीं’ (1991) पाहिल्यामुळे ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे असे मानणाऱ्यांनी तर तो आवर्जून पाहावा. बापाच्या बोटीवरून समुद्रात उडी टाकून पळालेली श्रीमंत एली (क्लॉडेट कोल्बेअर) आणि नोकरी गेलेला बातमीदार पीटर (क्लार्क गेबल) यांची गाठ मायामीहून न्यूयॉर्कला निघालेल्या बसमध्ये पडते, एवढेच कथासूत्र आहे.

अमेरिकेत चौघांमागे जवळपास एक जण बेकार होता, त्या मंदीच्या वर्षांतला हा चित्रपट आहे आणि त्याचा विसर तो कुठेही पडू देत नाही. एलीची बॅग चोरीला जाते, हाती उरतात चार डॉलर, आणि तरीही ती चॉकलेटचा डबा घ्यायला निघते तेव्हा पीटर तिला थेट अडवतो. पुढे बसमध्ये एक बाई उपाशीपोटी बेशुद्ध पडते, तिचा मुलगा रडू लागतो, पीटर पाकीट काढतो आणि एली त्यातली मोठी नोट मुलाच्या हाती देऊन टाकते. दोघांचे पोट त्या पैशांवर अवलंबून असताना तिने हे केले, म्हणून तिचे बदललेले मन आपल्याला पटते. मुलीला शोधून देणाऱ्यास बापाने दहा हजार डॉलरचे बक्षीस लावलेले असते. पीटर मात्र शेवटी त्याच्यासमोर उभा राहून फक्त 39 डॉलर 60 सेंट मागतो. रोख खर्च 8.60, कोट 15, सुटकेस 7.50, टोपी 4 आणि तीन शर्ट 4.50, असा तो हिशेब आहे. माझ्या आईला भरभर बोललेले इंग्रजी कळत नाही, पण या प्रसंगाला ‘बरोबर मागतोय तो’ असे ती लगेच म्हणाली. इतक्या स्वच्छ शब्दांत प्रेमाची कबुली देणारा दुसरा प्रसंग मला तरी आठवत नाही.

रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीहून रातराणीने मुंबई गाठणाऱ्या आपल्या माणसांना यातली बस विशेष जवळची वाटेल. शेजारी अनोळखी माणूस, झोपेत त्याच्या खांद्यावर कलणारी मान, थांब्यावर उतरावे तर गाडी सुटण्याची धास्ती, हे सारे येथे आहे. प्रवासी एकेक करून गाण्यात सामील होतात तो प्रसंग पाहताना तर गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांची भजनाने दुमदुमणारी गाडीच डोळ्यांपुढे येते.

रात्रीच्या मुक्कामात दोन खाटांमध्ये दोरीवर टाकलेले ब्लँकेट, ज्याला पीटर बायबलमधल्या कोसळणाऱ्या तटबंदीवरून ‘जेरिकोच्या भिंती’ म्हणतो, ही रॉबर्ट रिस्किन यांच्या पटकथेतली सर्वांत सुंदर योजना आहे. या आवृत्तीत जोसेफ वॉकर यांच्या कृष्णधवल छायाचित्रणातील त्या खोलीतला मंद उजेड आणि काचेवरचा पाऊस फार स्पष्ट दिसतो. उत्तम चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही ऑस्कर एकत्र मिळवणारा हा पहिला चित्रपट होता, हे पाहताना पटते.

दोन गोष्टी मात्र खटकतात. एलीला रोज एक ठोसा द्यायला हवा, अशा अर्थाचे पीटरचे बोलणे आज ऐकवत नाही. आणि बापाच्या मनाविरुद्ध तिने ज्याच्याशी लग्न केले तो किंग वेस्टली इतका पोकळ रंगवला आहे की शेवटच्या भागातली ओढाताण थोडी सोपी होऊन जाते.

पूरक सामग्रीत कॅप्रा यांचा 1922 सालचा मूक लघुपट आहे, तो अभ्यासूंनी सोडू नये. इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत, कारण संवाद फार वेगवान आहेत. ही तबकडी अमेरिकेतून मागवताना विभाग-संकेत, म्हणजे ती कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते हे सांगणारे अक्षर, तपासावा. भारत ब्लू-रेच्या सी विभागात येतो आणि अमेरिका ए विभागात, त्यामुळे आपल्या प्लेअरवर ती चालेल ना, याची खात्री करूनच पैसे भरावेत.