ईएसआयच्या पॅनेलवरील आमच्या डॉक्टर : दीड वर्षाचा अनुभव

भोसरीतील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी काम करते. माझ्या १८,००० रुपयांच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, १३५ रुपये कापले जातात आणि मालक त्यात ५८५ रुपये घालतो. या पैशांतून घरातील सर्वांना नेहमीचा, रोजच्या दुखण्याखुपण्याला उपयोगी पडणारा डॉक्टर मिळतो, हे नोकरीला तीन वर्षे होईपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते.

आईला मधुमेह आणि रक्तदाब असे दोन्ही विकार आहेत. सुरुवातीला मी तिचे आयुष्मान कार्ड घेऊन आमच्या भागातील दोन-तीन दवाखान्यांत विचारून आले. सगळीकडे एकच उत्तर मिळाले, आणि ते बरोबरच होते. आयुष्मान भारत काय किंवा आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना काय, दोन्ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत; ताप-खोकल्याची तपासणी किंवा दर महिन्याच्या शुगरच्या गोळ्या त्यांत बसत नाहीत. अनेक कुटुंबे याच गैरसमजात वणवण करतात, म्हणून हे आधी सांगितले.

ईएसआयचे तसे नाही. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते आणि त्यांच्या बोलण्यात ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द नेहमी असे. ही योजना महाराष्ट्रात १९५४ मध्ये आली, आणि खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनाच विमा कामगारांसाठी पॅनेलवर घेण्याची पद्धत आजही चालू आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला, त्याच्या जोडीदाराला, मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना तिथे तपासणी फी द्यावी लागत नाही.

पण पॅनेलवर नाव असणे वेगळे आणि रुग्णाकडे लक्ष देणे वेगळे. आमची नोंद आधी ज्या डॉक्टरांकडे होती, तिथे ईएसआय कार्डवाल्यांना दुपारी ठरावीक एक तासच येता येत असे. आई समोर बसली की तिच्या दंडाला पट्टा न लावताच मागच्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या जात, आणि रोख पैसे देणारा कोणी आला की आम्हाला बाकावर थांबवले जाई. डॉक्टरांना या योजनेत प्रत्येक तपासणीचे पैसे मिळत नाहीत. त्यांच्याकडे नोंद असलेल्या कामगारामागे वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. त्यामुळे कार्डवाला रुग्ण लवकर वाटेला लावण्याचा मोह का होतो हे मला कळते, तरी पटत नाही.

कारखान्याच्या ऑफिसातून अर्ज करून मी दवाखाना बदलून घेतला. गेल्या दीड वर्षापासून आम्ही जिथे जातो त्या डॉक्टर बाईंचा दवाखाना दोन खोल्यांचा आहे. बाहेर एकच बाक आणि एकच नंबर, कार्ड असो वा रोख. पहिल्याच भेटीत त्यांनी आईला चप्पल काढायला सांगितली, खाली वाकून दोन्ही तळपाय बोटांनी दाबून पाहिले आणि डाव्या अंगठ्याजवळची भेग दाखवून मला म्हणाल्या, “ताई, शुगरच्या माणसाचे पाय रोज रात्री बघत जा, त्यांना स्वतःला कळत नाही.” इतक्या वर्षांत कोणी तिचे पाय पाहिले नव्हते. त्यांच्याकडे आईच्या नावाचे जाड कागदाचे कार्ड आहे आणि प्रत्येक भेटीतील रक्तदाब व वजन त्यावर ओळीने लिहिलेले आहे. आकडा वाढला की त्या आधी जेवणाचे विचारतात आणि मग गोळी बदलतात.

मागच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला आणि बारा दिवस कामावर जाता आले नाही. त्यांनी दिलेल्या आजारपणाच्या दाखल्यावर पहिले दोन दिवस वगळून बाकीच्या दिवसांचे वेतनाच्या ७० टक्के पैसे बँकेत जमा झाले. हा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनसाठी धरली जाते, त्यामुळे नवीन नोकरीवाल्यांनी हा हिशेब आधीच समजून घ्यावा.

उणिवाही आहेत. साध्या गोळ्या दवाखान्यातच मिळतात, पण महागड्या औषधांसाठी चिठ्ठी घेऊन ठरवून दिलेल्या मेडिकलमध्ये जावे लागते आणि तिथे कधी कधी ‘चार दिवसांनी या’ असे ऐकावे लागते. मोठ्या तपासण्या विम्याच्या रुग्णालयातच होतात, म्हणजे एक खाडा ठरलेला. रविवारी दवाखाना बंद असतो. या अडचणींत डॉक्टर बाईंचा दोष नाही, तरी रोजंदारीवरच्या माणसाला त्या जड जातात.

दवाखाना निवडताना यादीतील पहिल्या नावावर खूण करू नये. एकदा संध्याकाळी तिथे जाऊन बाकावर थोडा वेळ बसावे आणि कार्डवाल्यांना कसे बोलावले जाते ते पाहावे. आमच्या दवाखान्यात सातनंतर पहिली पाळी सुटलेल्यांची गर्दी ओसरते. आईला मी त्याच वेळी नेते.